हातात काय उरतं

डोळखांबच्या आठवडी बाजारात परवा एकाने मला थांबवलं. हातातली पिशवी खाली ठेवून म्हणाला, "काका, तुम्ही पाणबुड्यांच्या कामात होता ना? मग सांगा, जर्मनीची चांगली की फ्रान्सची?" ट्रॅक्टर घ्यायच्या आधी माणूस शेजाऱ्याला विचारतो तसं सरळ त्याने विचारलं. मी दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं आणि घरी आलो. पण ते उत्तर मलाच पुरलं नाही. एवढी वर्षं जे केलं त्याबद्दल नीट सांगायला हवं असं वाटत राहिलं, म्हणून लिहायला बसलो.

आधीच सांगतो, पाणबुडी मी निवडली नाही. ती दिल्लीत निवडली जाते. नौदल, संरक्षण मंत्रालय, वित्त विभाग आणि सगळ्यात शेवटी मंत्रिमंडळाची सुरक्षाविषयक समिती. मी मुंबईच्या गोदीत अडतीस वर्षं होतो. आधी वेल्डिंगच्या बाजूला, मग कागदाच्या बाजूला. परदेशी कंपन्यांचे जाडजूड प्रस्ताव आले की त्यांतलं प्रत्येक कलम आपल्या मागणीशी जुळतं का हे पाहून रकाने भरणाऱ्यांतला एक. कुणाची नावं इथे लिहीत नाही. जे गोपनीय आहे ते माझ्याबरोबर जाईल. जे छापून आलं आहे आणि जे माझ्या हातांनी शिकलो, तेवढंच सांगतो.

अंबरनाथला आयटीआय करून मी १९८२ मध्ये कामाला लागलो. माझगावात गावच्याच सात जणांबरोबर एका खोलीत राहायचो. शनिवारी कसारा लोकलने आसनगाव, तिथून एसटीने गाव. मी कामाला लागण्याच्या आदल्याच वर्षी, ११ डिसेंबर १९८१ रोजी, भारताने पश्चिम जर्मनीतल्या कील शहरातल्या एचडीडब्ल्यू कंपनीशी चार पाणबुड्यांचा करार केला होता. दोन तिकडे बांधायच्या, दोन माझगाव डॉकमध्ये. त्याआधीच्या आपल्या पाणबुड्या सोव्हिएत रशियाकडून तयार आलेल्या. पहिली 'कलवरी' ८ डिसेंबर १९६७ रोजी नौदलात आली, तो दिवस अजून पाणबुडी दिन म्हणून पाळतात. पण पाणबुडी आपल्याकडे बांधायची, ही गोष्ट नवीन होती. त्यासाठी माणसं तयार करायला काही जणांना कीलला पाठवलं. त्यात माझा नंबर लागला.

१९८४ चा हिवाळा. दुपारी चारला अंधार. माझ्या ट्रंकेत आईने दिलेली नाचणी आणि वालाची डाळ. आम्हाला शिकवायला एक फोरमन होता, माझ्या बाच्या वयाचा. त्याला इंग्रजी येत नव्हतं आणि मला जर्मन. पहिल्या दिवशी त्याने दोन पट्ट्या दिल्या आणि जोडायला सांगितल्या. मी जोडल्या. वरून पाहिलं तर सुबक काम, मला समाधान वाटलं. त्याने तो तुकडा करवतीखाली घातला, कापला, यंत्रात वाकवला. जोडाच्या कडेला केसासारखी रेघ उमटली. त्याने ती माझ्यासमोर धरली आणि शांतपणे म्हणाला, "नॉख आइनमाल." पुन्हा एकदा.

असं अकरा वेळा झालं. आवाज एकदाही चढला नाही आणि कारणही एकदाही सांगितलं नाही. बाराव्या वेळी त्याने माझं मनगट धरलं आणि तळहात पत्र्याच्या वर वीतभर अंतरावर नेला. मग ठरावीक उष्णतेला वितळणारा खडू पत्र्यावर ओढून दाखवला. मी पत्रा पुरेसा तापू देत नव्हतो. पाणबुडीच्या कवचाचं पोलाद जाड आणि फार मजबूत असतं. ते थंड असताना जोडलं की जोड भराभर निवतो, आत हायड्रोजन अडकतो आणि काही तासांनी, कधी दोन दिवसांनीसुद्धा, आतून तडा जातो. वरून काहीच दिसत नाही. समुद्रात शेकडो मीटर खाली तो तडा उघडला तर आतल्या माणसांना दार नसतं. पुस्तकात तापमानाचा आकडा होता, मी तो वाचलाही होता. पण आकडा वाचणं आणि तळहाताला तो कळणं यांत अकरा तुकड्यांचं अंतर होतं.

तंत्रज्ञान हस्तांतर हा शब्द पुढे मी शेकडो कागदांवर वाचला. प्रत्येक वेळी मला तो वीतभर अंतरावर धरलेला तळहात आठवला.

परत आल्यावर दुसरा धडा मुंबईच्या पावसाने दिला. कुठलाही पुरवठादार आपल्या गावची हवा धरून कागद लिहितो. वेल्डिंगचा रॉड भट्टीत कोरडा करून बाहेर काढला की तो किती वेळ वापरायचा, याचा एक हिशेब असतो. जुलै महिन्यात माझगावात भिंतींना ओल येते, तिथे तो हिशेब कसा चालेल? आम्ही वेळ कमी केला, प्रत्येक वेल्डरच्या शेजारी छोटी भट्टी ठेवली, एका वेळी मोजून चारच रॉड हातात द्यायला लागलो. हे कुणी विकत दिलेलं नव्हतं. समुद्राचंही तसंच. बाल्टिकचं पाणी थंड, आपल्या अरबी समुद्राच्या वरच्या थराचं पाणी उन्हाळ्यात तीस अंशांच्या आसपास जातं. तिकडे सहज थंड राहणारं यंत्र इकडे तसं राहीलच असं धरून चालत नाही. पुढे कागदाच्या बाजूला गेल्यावर 'सिद्ध झालेलं' असा शब्द आला की मी समासात लिहायचो, 'कोणत्या पाण्यात?'

'शिशुमार' आणि 'शंकुश' या कीलमध्ये बांधलेल्या पाणबुड्या १९८६ मध्ये नौदलात आल्या. मुंबईत बांधलेली 'शल्की' ७ फेब्रुवारी १९९२ ला आली, 'शंकुल' २८ मे १९९४ ला. 'शल्की' पाण्यात गेली तेव्हा मी धक्क्यावर होतो. तिच्या पोटातले काही जोड माझ्या हातचे होते.

आणि मग काहीच नाही.

१९८७ मध्ये या व्यवहारात दलाली दिली गेल्याचे आरोप झाले होते, दिल्लीत मोठं राजकारण पेटलं. आणखी दोन पाणबुड्या घ्यायचा विचार होता, तो मागे पडला. 'शंकुल' नंतर पुढचा बांधणीचा करार व्हायला ऑक्टोबर २००५ उजाडला. अकरा वर्षं. या अकरा वर्षांत काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. कीलला माझ्याबरोबर असलेल्यांतला एक आखातात गेला. दोघे तेलविहिरींच्या कामाला लागले. एक, आमच्यात सगळ्यात चांगला हात असलेला, लवकर निवृत्ती घेऊन गावी गेला आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवू लागला. पाणबुडीच्या कवचाचा वेल्डर सहा महिने तसं काम करत नसेल तर त्याची परीक्षा पुन्हा घ्यावी लागते. इथे तर वर्षामागून वर्षं गेली. आरोपांची चौकशी व्हायलाच हवी होती, ज्याने पैसे खाल्ले असतील त्याला शिक्षाही. पण काम थांबवून शिक्षा झाली ती या हातांना, आणि त्यांनी तर कुणाचा एक पैसा घेतला नव्हता. हे मी कार्यालयात तोंडाने कधी बोललो नाही. आज लिहितो.

त्या रिकाम्या वर्षांतच मला कागदाच्या बाजूला घेतलं. डाव्या रकान्यात आपली मागणी, मधल्यात कंपनीचं उत्तर, उजव्यात आमचा शेरा: पूर्तता होते, अंशतः होते, होत नाही. ऐकायला सोपं. पण कंपनी कधीच सरळ 'नाही' लिहीत नाही. ती लिहिते, 'याची योग्य ती दखल घेतली जाईल', 'हे परस्पर संमतीने ठरवता येईल'. एका छोट्या यंत्रणेच्या खरेदीत, पाणबुडीच्या नव्हे, कंपनीने लिहिलं होतं की देखभालीची ड्रॉइंग 'उपलब्ध करून दिली जातील'. मी 'पूर्तता होते' असा शेरा मारला. संध्याकाळची लोकल पकडायची होती, पावणेतीनशे कलमं उरली होती. दोन वर्षांनी ड्रॉइंग मागितली तेव्हा कळलं, उपलब्ध होती, दर पानाला वेगळी किंमत मोजून. ती चूक माझी. माझ्या वरिष्ठांनी मला बोलावलं, कागद समोर ठेवला आणि एवढंच म्हणाले, "क्रियापद वाच." तेव्हापासून प्रस्तावातली विशेषणं सोडून मी आधी क्रियापदं वाचू लागलो. देऊ, की देता येईल? आम्ही देऊ, की आमचा उपपुरवठादार देईल?

उपपुरवठादार हा माणूस बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. २००५ मध्ये फ्रान्सशी सहा स्कॉर्पीन पाणबुड्यांचा करार झाला, किंमत तेव्हा १८,७९८ कोटी रुपये, सहाही माझगावात बांधायच्या. पहिली २०१२ मध्ये मिळणं अपेक्षित होतं. ती 'कलवरी', जुन्याच नावाची नवी, १४ डिसेंबर २०१७ रोजी नौदलात आली. तिच्यासाठी इटलीतल्या एका कंपनीचे नवे टॉर्पेडो घ्यायचं ठरलं होतं. त्या कंपनीचा मूळ समूह हेलिकॉप्टर खरेदीच्या प्रकरणात अडकला आणि टॉर्पेडोंची खरेदी बारगळली. पाणबुडी फ्रान्सची, भानगड हेलिकॉप्टरची, आणि नवं शस्त्र नाही ते आपल्या खलाशांकडे. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये डीआरडीओचा टॉर्पेडो या पाणबुड्यांत बसवण्यासाठी सुमारे ८७७ कोटींचा करार झाला.

मी तपासणीसाठी जायचो अशा एका कारखान्यात परदेशी पंप होता. त्याचं एक सील, बाईच्या बांगडीएवढं, खराब झालं. मूळ कंपनी मधल्या काळात दुसरीने विकत घेतली होती आणि तिने तो पंप बनवणं बंद केलं होतं. पत्राला पत्र, मेलला मेल. सात महिने पंप झाकून ठेवला होता. शेवटी तिथल्याच एका जुन्या फिटरने मापं घेऊन मुंबईतल्या रबराच्या कारखान्यातून सील करून आणलं. पहिली तीन गळली, चौथं टिकलं. पाणबुडीत असं चौथ्या खेपेपर्यंत थांबता येत नाही. ती तीस-पस्तीस वर्षं चालवायची असते आणि एवढ्या काळात कंपनीचं नावसुद्धा तेच राहत नाही. एचडीडब्ल्यू २००५ मध्ये थायसेनक्रुपच्या छत्राखाली गेली. फ्रान्सची डीसीएन २००७ मध्ये डीसीएनएस झाली, २०१७ मध्ये नेव्हल ग्रुप. १९८६ ची 'शंकुश' अजून नौदलात आहे. तिचं आयुष्य वाढवण्यासाठी माझगाव डॉकशी जून २०२३ मध्ये २,७२५ कोटी रुपयांचा करार झाला. ज्यांनी १९८१ मध्ये सह्या केल्या त्यांनी हा दिवस मनात धरला होता का, कोण जाणे. धरायला हवाच होता.

लहानपणी बा मला म्हशाच्या जत्रेला न्यायचा. मुरबाडच्या पलीकडे म्हसा, पौष पौर्णिमेची जत्रा. बैलबाजार आणि घोंगड्या यांसाठी आजूबाजूचे तालुके तिथे लोटतात. दलाल रुमालाखाली हात धरून बोटांनी भाव करायचे, मला त्या बोटांचंच कौतुक. बा त्या बोटांकडे बघायचा नाही. तो बैलाचे दात बघायचा, खूर बघायचा आणि मग मालकाला म्हणायचा, "जुंपून दाव." बाजारात कुठे जुंपणार? बा शेजारच्या शेतातून नांगर मागून आणायचा. एका वर्षी देखणी पांढरी जोडी सोडून त्याने एक काळपट बुटकी जोडी घेतली. मी वाटेत रडलो. तो म्हणाला, "तो बैल कुणाच्या दावणीचा हाय त्ये मला ठाव हाय. गावला आजारी पडला तर त्याच्या दारात जाता येल." बैल किती चांगला याइतकंच विकणाऱ्याचं दार किती जवळ, हे तो बघत होता.

मी निवृत्त झालो २०२० मध्ये. पुढच्याच वर्षी, जुलै २०२१ मध्ये, सहा नव्या पाणबुड्यांची निविदा निघाली. त्यातली एक अट वाचली आणि बाचा नांगर आठवला: हवेशिवाय चालणारी ऊर्जा यंत्रणा, एआयपी, समुद्रात चालवून सिद्ध झालेली हवी. ही यंत्रणा काय ते आमच्या भागातल्या माणसाला समजावणं सोपं आहे. डोळखांबवरून पुढे चोंढ्याला गेलं की घाटघरचा वीजप्रकल्प आहे, २५० मेगावॉटचा. रात्री जादा वीज असते तेव्हा खालच्या धरणातलं पाणी वर चढवायचं, दिवसा गरजेला ते सोडून वीज करायची. पाणबुडीची बॅटरीही तशीच भरून ठेवायची असते. फरक एवढाच की भरायला डिझेल इंजिन लागतं, इंजिनाला हवा लागते, आणि हवेसाठी पाण्याच्या पृष्ठभागाजवळ येऊन नळी वर काढावी लागते. शत्रूला ती तेव्हाच सहज सापडू शकते. एआयपी असली की हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून आतल्या आत वीज होते आणि दोन-तीन दिवसांच्या जागी दोन आठवड्यांच्या आसपास खाली राहता येतं.

निविदेसाठी पाच परदेशी कंपन्या निवडल्या होत्या. अटी पाहून बहुतेक मागे सरल्या, ऑगस्ट २०२३ मध्ये दोनच प्रस्ताव आले: माझगाव डॉक आणि जर्मनीची थायसेनक्रुप, लार्सन अँड टुब्रो आणि स्पेनची नवांतिया. नौदलाचं पथक मार्च २०२४ मध्ये कीलला आणि जूनमध्ये स्पेनमधल्या कार्ताहेनाला जाऊन आलं. स्पेनची यंत्रणा जमिनीवर चालवून दाखवली गेली, समुद्रात नाही. जानेवारी २०२५ मध्ये तो प्रस्ताव अटीत बसत नाही म्हणून बाजूला ठेवल्याचं छापून आलं. सप्टेंबरात एकट्या उरलेल्या प्रस्तावावर बोलणी सुरू झाली.

अट बरोबर होती असंच मी म्हणेन. माणसं आत बसणार आहेत. पण बाजारात एकच बैल उरला की रुमालाखालची बोटं त्याच्या मालकाची चालतात, हेही तितकंच खरं. म्हणून आता किमतीपेक्षा मला दुसऱ्याच आकड्याची काळजी आहे. पहिल्या पाणबुडीत ४५ टक्के देशी भाग, सहाव्यापर्यंत ६० टक्के, असं ठरवलं आहे. हे टक्के रुपयांत मोजले जातात. तारा, नळ्या, खाटा, रंग, सगळं त्यात धरतात. उरलेल्या चाळीस टक्क्यांत काय आहे? तिथे एआयपीचा गाभा असेल, सोनार असेल, तर साठ टक्के होऊनही सील आणायला आपण त्यांच्याच दारात उभे. माझ्या हातात रकाने असते तर मी या एका ओळीवर महिनाभर बसलो असतो.

करार झाला म्हणजे पाणबुडी आली असंही नाही. ऑस्ट्रेलियाने २०१६ मध्ये बारा पाणबुड्यांसाठी फ्रान्सची निवड केली, २०२१ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनशी नवा समझोता करून ती रद्द केली. भरपाईपोटी ५५.५ कोटी युरो फ्रेंच कंपनीला दिले. पाणबुडी एकही नाही. आपल्याकडे १९९९ मध्ये तीस वर्षांत चोवीस पाणबुड्यांची योजना मंजूर झाली होती. आतापर्यंत तिच्यातल्या सहा स्कॉर्पीन आल्या, शेवटची 'वाघशीर' १५ जानेवारी २०२५ ला. मधली एक 'खांदेरी'. २८ सप्टेंबर २०१९ ला ती नौदलात आली त्या दिवशी मी गणवेशातल्या लोकांच्या मागे, दोरीच्या अलीकडे उभा होतो. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये थळच्या समोर ज्या बेटावर, इंग्रजांच्या तोफा चालू असताना, किल्ला बांधायला घेतला, त्या बेटाचं नाव. पाहताना मला बोलवेना.

कल्याणला रूळ दोन बाजूंना फुटतात. एक वाट आमच्याकडे, आसनगाव-कसाऱ्याला. दुसरी अंबरनाथला, जिथे मी पहिल्यांदा वेल्डिंगचा चिमटा हातात धरला. त्याच अंबरनाथच्या नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेने आपली स्वतःची एआयपी तयार केली. ती हायड्रोजन साठवून नेत नाही, पाणबुडीतच तयार करते. मार्च २०२१ मध्ये ती जमिनीवर चालवून दाखवली, ३० डिसेंबर २०२४ रोजी ती बांधून स्कॉर्पीनमध्ये बसवण्यासाठी माझगाव डॉकशी सुमारे १,९९० कोटींचा करार झाला. तीही अजून समुद्रात सिद्ध व्हायची आहे. म्हणजे परदेशी कंपनीला जी अट घातली ती आपल्याच मालाला लागू केली तर आज तोही अटीत बसणार नाही. पण तो बसण्यासाठी समुद्रात न्यावाच लागेल. उशीर होईल, काही गळेल, पुन्हा करावं लागेल. बाजारातल्या त्या माणसाला मी दोन वाक्यांत हे सांगू शकलो नाही. जर्मनीचीही चांगली, फ्रान्सचीही. पण अंबरनाथचं काम अर्ध्यावर थांबू नये यासाठी माझा जीव तुटतो, कारण अकरा वर्षं थांबलेलं काम मी पाहिलं आहे.

माझ्या पुतण्याने यंदा आयटीआय पूर्ण केलं. गोदीतल्या अप्रेंटिसशिपसाठी अर्ज केला आहे. तोवर डोळखांबच्या फाट्यावर एका गेट बनवणाऱ्याकडे हात चालवतो. गेल्या आठवड्यात दोन पट्ट्या जोडून दाखवायला घरी आला. मी त्या वाईसमध्ये धरून वाकवल्या. कडेला केसासारखी रेघ.

"काका, गेटला चालतं एवढं," तो म्हणाला.

बाहेर पाऊस धरला होता. मी रॉडचं पाकीट पाहिलं, पुठ्ठा ओलसर झालेला. ते उघडून रॉड चुलीच्या कडेला ओळीने मांडले आणि त्याला म्हटलं, हे वाळू देत. मग पुन्हा एकदा. जेवण होईपर्यंत तो दर थोड्या वेळाने उठून रॉडांवर तळहात धरून बघत होता.